परसांतील झाडें व त्यांचे आश्रित

घराभोंवतालची जागा स्वच्छ असावी हें आपण लहानपणापासून शिकत आलों आहों, आणि तें शिक्षण योग्यच आहे. परंतु स्वच्छ आणि उजाड ह्या दोन शब्दांचा अर्थ एक नव्हे. हा भेद मला फार उशिरां कळला, म्हणून प्रथम माझी स्वतःची चूक सांगतों.

आमच्या परसांत कुंपणाशीं रुईचीं दोन झुडुपें होतीं. एकदां पाहुणे यावयाचे होते म्हणून मीं तीं कोयत्यानें तोडलीं, आणि पुढें कोंब फुटतील तसे खुडीत राहिलों. शेजारच्या एका वृद्ध आजीबाईंनीं विचारलें, "पाळकसाहेब, त्या झाडानें आपलें काय खाल्लें होतें?" मीं हंसून वेळ मारून नेली. पुढील पावसाळ्यांत, आमच्या अंगणांत नेहमीं दिसणारीं तांबूस रंगाचीं, पंखांच्या टोंकांशीं काळीं-पांढरीं फुलपाखरें दिसेनाशीं झालीं, तेव्हां त्या प्रश्नाचा अर्थ माझ्या ध्यानांत आला.

१. पान आणि सुरवंट

फुलपाखरूं नाना फुलांवरचा मध पितें. परंतु त्याचा सुरवंट वाटेल तें पान खात नाहीं. प्रत्येक जातीचीं झाडें ठरलेलीं असतात, व मादी बहुधा त्यांच्यावरच अंडीं घालते. वर सांगितलेल्या तांबूस फुलपाखराचा सुरवंट रुईवर व तिच्या जातभाई वनस्पतींवर वाढतो. रुईच्या चिकांतील विष तो आपल्या अंगीं सांठवितो, म्हणून पक्षी त्याच्या वाटेस फारसे जात नाहींत. लिंबू, बेल व कढीलिंब ह्यांच्या पानांवर दुसऱ्या एका सुंदर फुलपाखराचे सुरवंट पोसतात. बहाव्यावर फिकट पिवळ्या फुलपाखराचे. ज्या काळ्या-निळ्या मोठ्या फुलपाखरास २०१५ सालीं महाराष्ट्राचें राज्य फुलपाखरूं ठरविण्यांत आलें, त्याचे सुरवंटही माकडलिंबू व लिंबाच्या जातीच्या इतर झाडांवर वाढतात.

असें कां होतें? झाडें आपल्या पानांचें रक्षण करण्यासाठीं त्यांत कडू किंवा विषारी रस निर्माण करितात. जे कीटक हजारों वर्षें त्या झाडांच्या संगतींत राहिले, त्यांना तो रस पचविण्याची शक्ति आली. दूर देशांतून आणलेल्या झाडाची पानें आपल्याकडील बहुतेक कीटकांना परकीं असतात. त्याच्या फुलांत मध असेल, पण पानांत चारा नसतो.

आतां कोणी म्हणेल, सुरवंट नाहींत हें बरेंच झालें! परंतु बुलबुल फळें खातो, चिमणी दाणे टिपते, शिंजीर मध पितो, तरी हे तिन्ही पक्षी आपल्या कोंवळ्या पिलांना किडे, अळ्या व कोळी भरवितात. ज्या परसांत अळी नाहीं, त्या परसांत घरटें बांधून पक्ष्याला काय लाभ?

२. आपलें व परकें

झाड परदेशांतून आलें म्हणून त्याचा द्वेष करावा, असें माझें म्हणणें नाहीं. मिरची, पेरू व सीताफळ हीं अमेरिकेकडून आलीं, आणि तीं आपल्या घरचींच झालीं आहेत. भय आहे तें पसरून इतरांना हुसकावून लावणाऱ्या झाडांचें. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेसाठीं ह्या देशांत आणिली गेली. आज ती रानेंच्या रानें व्यापून बसली आहे. तिच्या फुलांवर फुलपाखरें येतात हें खरें, पण तिच्याखालीं दुसरें रोप सहसा वर येत नाहीं. गाजरगवत १९५५ सालीं पुण्यास दिसून आलें, आणि त्यानें कातडीला खाज व कित्येकांना दम्याचा त्रास होतो हें आपण जाणतोंच. हीं दोन्ही फुलावर येण्यापूर्वींच मुळांसकट उपटावीं.

३. काय करावें

पहिल्या पावसाळ्यांत कांहीं लावूं नका, केवळ पाहा. कोणतें रोप आपोआप उगवतें, कशावर कोण बसतें, हें मुलांना वहींत लिहावयास सांगा.

नंतर एका बाजूचें कुंपण जिवंत करा. निरगुडी व अडुळसा ह्यांना शेळ्या सहसा तोंड लावीत नाहींत. मध्यें मध्यें करवंद व बोर असावें. करवंदाचें बीं ताजें असतांच पेरावें. जागा असेल तर एक बहावा लावावा; त्याच्या बियांची साल कठीण असते, म्हणून ती किंचित् घासून बीं रात्रभर पाण्यांत ठेवावें.

पालापाचोळा जाळूं नका. घराच्या भिंतीपासून दूर, झाडाच्या बुंध्याशीं तो पसरा. त्याखालीं गांडुळें व किडे वाढतात, आणि सातभाई तो उलथूनपालथून आपलें पोट भरतात.

उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवा. परंतु उष्ण दिवसांत सुमारें आठवड्याभरांत अंड्याचा डांस होतो. यास्तव दर दोन दिवसांनीं परळ घासून पाणी बदला.

जुन्या वाळलेल्या वेळूचे तुकडे छपराखालीं बांधा. त्यांत काळा भुंगा घर करितो. भोपळा, काकडी व दोडका ह्यांचीं नर व मादी फुलें निराळीं असतात. माशी किंवा भुंगा मधून फिरला नाहीं तर फळ धरत नाहीं. म्हणून विषारी फवारा मारतांना आपण आपल्याच भाजीवर घाव घालीत असतों.

४. दोन शंका

"झाडी वाढली कीं साप येतील." ही भीति खोटी नव्हे. म्हणून दारासमोरची जागा व पायवाट झाडलेली असावी, लांकडें व दगड भिंतीशीं रचूं नयेत, धान्य उघडें ठेवूं नये. कारण उंदराच्या मागोमाग साप येतो. रात्रीं हातांत दिवा असावा.

"लोक आळशी म्हणतील." मीं रुई तोडली ती ह्याच भयानें. समोरचें अंगण सारवलेलें ठेवा, आणि मागील परस त्या जिवांसाठीं सोडा. कोणी विचारलें तर त्यांना पानाखालचा सुरवंट दाखवा.

रुईचे कोंब मीं खुडावयाचें सोडलें. दोन पावसाळ्यांनंतर एका पानाखालीं काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट दिसला. आजीबाईंना तो दाखवावा म्हणून मीं त्यांच्या दारापर्यंत गेलों, आणि त्या आतां तेथें नाहींत हें मला दारांत उभा राहिल्यावर आठवलें. तो सुरवंट मग त्यांच्या नातवंडांना दाखविला.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. फुलांतील मध व पानांतील चारा ह्यांत भेद काय?
२. दाणे खाणाऱ्या चिमणीला अळीची गरज कां असते?
३. आपल्या परसांत आपोआप उगवणाऱ्या पांच वनस्पतींचीं नांवें सांगा. त्यांपैकीं कोणती आपण निष्कारण तोडतों?