सकस भाकरी आणि सबळ स्नायू

घाटनांदूर परिसरात ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी व ताक हा आहार पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. ज्वारीतील लायसिन या अमिनो आम्लाची उणीव डाळीने भरून निघते. तथापि केवळ अन्नाने स्नायू सबळ होत नाहीत. वयाबरोबर ते क्षीण होत जातात आणि उतारवयात साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, एवढ्यापासून आरंभ करावा. हृदयविकार वा मधुमेह असल्यास प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. घरातील ज्येष्ठांना जेवणाइतकीच व्यायामाचीही आठवण करून द्यावी, ही नम्र विनंती.