गोळीची घाई नको

सांगली

चि. मृणाल हिस,

गर्भपातानंतरच्या तुझ्या रिपोर्टचा फोटो मिळाला. खाली तू विचारलंस, 'डॉक्टर थायरॉईडची गोळी द्यायला विसरले का?' विसरलेले नाहीत. लॅबमध्ये माझी सगळी नोकरी असे रिपोर्ट हातावेगळे करण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या कागदावर दोन आकडे आहेत. टीएसएच १.९, म्हणजे थायरॉईड ग्रंथी आपलं काम चोख करते आहे. त्याखाली ठळक अक्षरांत अँटी-टीपीओ नावाची अँटीबॉडी ४१२, आणि शेजारी वर जाणारा बाण. तू घाबरलीस ती त्या बाणाला. त्याचा अर्थ एवढाच, की शरीराच्या संरक्षणयंत्रणेने थायरॉईडमधल्या एका घटकाला परका ठरवलं आहे. मूल होण्याच्या वयातल्या दहातल्या एखाद्या बाईत तरी ही अँटीबॉडी सापडते, आणि बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो.

गर्भपाताशी तिचा संबंध आहे, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. १९९० साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात अँटीबॉडी असलेल्या शंभरातल्या १७ जणींचा गर्भपात झाला, नसलेल्यांपैकी साधारण ८ जणींचा. धोका दुप्पट दिसला खरा, पण त्याच हिशोबात अँटीबॉडी असूनही ८३ जणींचा गर्भ टिकला. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळेच दुसरी घडली, असं होत नाही.

आता गोळीचं. तुझ्यासारख्याच बायकांवर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. आधी गर्भपात झालेल्या किंवा दिवस राहत नसलेल्या, अँटीबॉडी असलेल्या, पण टीएसएच ठीक असलेल्या अशा ९०० हून अधिक जणी त्यात होत्या. निम्म्यांना दिवस राहण्याआधीपासून ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तीच थायरॉईडची गोळी, दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. निकाल २०१९ मध्ये आला. औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ३७.४ जणींच्या पदरात मूल पडलं, न घेणाऱ्यांपैकी ३७.९. (सगळ्यांनाच दिवस राहिले नव्हते, म्हणून हे आकडे कमी दिसतात.) फरक शून्य. पोट भरलेल्याला आग्रहाने वाढण्यातला हा प्रकार. उलट जास्तीच्या गोळीने धडधड होते, झोप उडते. तेव्हा तुझ्या जाऊबाईंच्या डब्यातली गोळी 'घेऊन तर बघू' म्हणून घेऊ नकोस.

मग अँटीबॉडी कळून उपयोग काय? पाळत ठेवायला. दिवस राहिले की आईच्या थायरॉईडवर कामाचा बोजा एकदम वाढतो. निम्मे दिवस भरेपर्यंत बाळाची मदार बरीचशी आईच्याच हार्मोनवर असते. अँटीबॉडी असलेली ग्रंथी या वेळी कमी पडू शकते. म्हणून पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच टीएसएच करायचं, आणि पुढे पाचव्या महिन्यापर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी. आकडा चढला, म्हणजे ग्रंथी कमी पडू लागली, तर डॉक्टर गोळी देतील, आणि तेव्हा मात्र मागेपुढे पाहायचं नाही. सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, आणि लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतर. एकत्र घेतल्या तर औषध नीट शोषलं जात नाही.

अँटी-टीपीओ दर महिन्याला करत बसू नकोस. ४१२ चे ३०० झाले काय नि ५०० झाले काय, उपचार बदलत नाहीत. घरात सैंधव मीठ सुरू केलंय म्हणालीस. रोजच्या स्वयंपाकाला साधं आयोडीनयुक्त मीठच ठेव, गरोदरपणात आयोडीनची गरज वाढते. पण समुद्री शेवाळाच्या गोळ्या नकोत, जादा आयोडीनही थायरॉईडला बाधतं. फॉलिक ॲसिड चालू ठेव.

सासूबाई म्हणतात, स्कूटर चालवलीस म्हणून बाळ गेलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण मनातही ठेवू नकोस. सुरुवातीच्या दिवसांतले साधारण निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषाने होतात. त्याला स्कूटर कारण नाही.

बाळंतपणानंतरचंही आत्ताच सांगून ठेवते. अँटीबॉडी असलेल्या बऱ्याच जणींची थायरॉईड प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात बिघडते. थकवा, चिडचिड, केस गळणं याला घरचे 'बाळंतपणाचा शीण' म्हणून मोकळे होतील. तू टीएसएच करून घे.

पुढच्या भेटीला जाशील तेव्हा गोळी मागू नकोस. 'दिवस राहिले तर टीएसएच केव्हा करू आणि किती आल्यावर तुम्हाला कळवू?' एवढं विचार, आणि उत्तर फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेव.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
माई मावशी