निपासारख्या नव्या रोगाची कर्मचाऱ्यांना कोणती माहिती हवी?

प्रश्न : निपासारखा नवा आजार उद्भवल्यास परिचारिका आणि कक्षसेवकांना नेमके काय ठाऊक असावे?

उत्तर : नवा रोग रुग्णालयात साध्या तापाच्या रूपानेच शिरतो, त्यामुळे त्याचे नाव कळेपर्यंतचा काळ कर्मचाऱ्यांसाठी सर्वांत धोक्याचा असतो. मे २०१८ मध्ये केरळातील कोळिकोड जिल्ह्यात रोगाचे निदान होण्याआधीच पहिल्या रुग्णाकडून संसर्ग रुग्णालयात पसरला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेचाही बळी गेला, हे विसरता येण्याजोगे नाही. निपाचा विषाणू फलाहारी वटवाघळांत आढळतो, माणसामाणसांत तो लाळ, थुंकी अशा स्रावांतून पसरतो आणि त्याचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अवधी, साधारणतः ४ ते १४ दिवसांचा असतो, एवढे तर प्रत्येकाला माहीत हवेच. मात्र ही माहिती हाताच्या सवयीत उतरायला हवी : तापासोबत खोकला किंवा ग्लानी दिसताच रुग्णाला वेगळे ठेवणे, आणि संरक्षक पोशाख उतरवताना दूषित हातमोजे आधी, तर मुखपट्टी खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी काढणे. सफाई कामगारांना या प्रशिक्षणातून वगळणे ही अक्षम्य चूक होय, कारण रुग्णाची ओली चादर तेच उचलतात.