चित्रेखालचे पुराणे तारे

प्रश्न : आम्ही मित्र अवकाशाच्या गेममध्ये मोहीम काढून प्राचीन तारे शोधतो. खऱ्या आकाशात असे तारे आपल्या भागातून दिसतील का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : दिसतील, आणि जरूर जा. मे महिन्यातली अमावास्या धरून चाळीसगाव गाठा. दिवसा पाटणादेवी बघा. पाटण इथेच १२०७ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. रात्री मात्र तिथे थांबू नका. ते अभयारण्य आहे, शिवाय दक्षिणेचं आकाश डोंगर अडवतो. त्यापेक्षा गावदिव्यांपासून लांबचं, दक्षिणेला मोकळं असलेलं ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत बरं.

साधारण दहा-साडेदहाला चित्रा नक्षत्र दक्षिणेला येतं. हात पूर्ण लांबवून चित्रेपासून सरळ खाली जेमतेम दोन वीत मोजा. तिथे धुरकट ठिपका दिसेल, तो ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. लाखो ताऱ्यांचा हा पुंजका सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्यातले बहुतेक तारे हजार कोटी वर्षांहून जुने आहेत. आपला सूर्य जेमतेम ४६० कोटींचा! १०×५० ची द्विनेत्री असली, तर तो गोल, कापसासारखा दिसतो.

एकटा म्हातारा तारा हवा असेल, तर तूळ राशीतला एचडी १४०२८३ नकाशावरून शोधा. तोही द्विनेत्रीत दिसतो.

नकाशा एकाकडेच द्या, विजेरीला लाल जिलेटिन लावा आणि मोबाइल पिशवीत ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.