एसची गन कोणाची?

कोनामीचा 'कॉन्ट्रा' १९८७ साली आर्केडमध्ये आला, १९८८ मध्ये घरच्या टीव्हीवर. आमच्या घरी तो पोचला बराच उशिरा, जपानी यंत्राच्या स्वस्त नकलेतून, पन्नासएक गेम कोंबलेल्या कॅसेटमधून. मार्च २०२४ मध्ये वेफॉरवर्डने तोच खेळ नव्याने उभा केला, 'कॉन्ट्रा: ऑपरेशन गलूगा'. तो खेळता खेळता सुचलेलं हे.

१. अंगठ्याला वय होतं. नव्या खेळात हवेतल्या हवेत दुसरी उडी मारता येते, झपकन सटकता येतं. माझा अंगठा अजून एका उडीवरच समाधानी आहे. खड्ड्यात पडताना आठवतं की अरे, आणखी एक उडी शिल्लक होती!

२. 'आमच्या वेळचे गेम कठीण होते' हे मी फार छाती फुगवून सांगायचो. एक गोळी लागली की खलास, लाइफ फक्त तीन. आता खेळाडूला चक्क ताकदीची पट्टी दिलीय, शिवाय गुण साठवून दुकानातून सवलती घेता येतात. मी नाक मुरडलं. जुनाच जाच हवा असेल तर एका गोळीत मरायची सोयही आहे. ती निवडली आणि तासाभरात, घरात कुणी बघत नाही असं पाहून, पट्टी परत आणली. मग विचार केला, तो खेळ एवढा कठीण का होता? आठच लेव्हल. सरावलेला माणूस अर्ध्या तासात संपवेल. सोपा असता तर सुट्टीतली एक दुपारही पुरला नसता. आणि तीस लाइफ देणारी ती 'वर-वर-खाली-खाली'ची युक्ती? ती मुळात 'ग्रेडियस' या दुसऱ्याच खेळासाठी काझुहिसा हाशिमोतो यांनी घातली होती. तपासणी करताना तो खेळ त्यांना स्वतःलाच झेपेना! हे कळल्यावर माझी छाती बरीच खाली आली.

३. मी आणि दादा एलियनशी कमी, एकमेकांशी जास्त लढलो. पंख्यासारख्या पाच गोळ्या सोडणारी एसची गन उडत आली की आधी कोण उडी मारतो यावर भाऊबंदकी. धबधब्याची लेव्हल तर वैर काढायलाच केलेली. एकजण भराभर वर चढला की पडदा वर सरकायचा आणि खाली राहिलेला फुकट मरायचा. आपल्या लाइफ संपल्या की 'ए' दाबून दुसऱ्याची उचलता यायची. दादा ती न विचारता उचलायचा आणि वर 'उधार' म्हणायचा. नव्या खेळात प्रत्येकाला दोन गन बाळगता येतात, शिवाय हातातली गन मोडून तिचा एकदाच मोठा दणका देता येतो. भांडण कमी व्हावं म्हणून असेल. आमच्यात तसं काही झालं नाही.

४. आठवणींवर पैज लावू नये. पहिल्या जंगलातली झाडं हलायची, असं दादा म्हणतो. मित्र म्हणतो, साफ खोटं. दोघंही बरोबर निघाले. जपानी कॅसेटमध्ये झाडं डोलतात, अमेरिकी आवृत्तीत ती स्तब्ध. गोष्टसुद्धा बदललेली: मूळ जपानी कथा न्यूझीलंडजवळच्या काल्पनिक गलूगा बेटांवर घडते, अमेरिकी पुस्तिकेने ती दक्षिण अमेरिकेच्या जंगलात नेऊन ठेवली. आम्हाला गोष्ट आहे हेच माहीत नव्हतं. म्हणून असेल, नव्या खेळातले वीर गोळीबार थांबवून संवाद म्हणू लागले की मी बटण दाबून पुढे जातो.

५. हा खेळ दोघांनी खेळायचा तर एकाच सोफ्यावर बसावं लागतं. आपण इथे आणि भाऊ पनवेलला, असं तो ऑनलाइन खेळू देत नाही. बऱ्याच जणांनी याबद्दल कुरकुर केली, मीही केली. मग गणपतीत दादा सहकुटुंब आला. आर्केड मोडमध्ये चौघांना खेळता येतं, म्हणून पुतण्या आणि वहिनीही बसल्या. पुतण्याने सैनिक सोडून यंत्रमानव घेतला. जर्मनीतल्या कडक नियमांमुळे युरोपात माणसांच्या जागी हेच यंत्रमानव घालून खेळ विकत असत, हे मी त्याला समजावू लागलो. तेवढ्यात एसची गन वहिनींनी उचलली, आणि दादाने आयुष्यात पहिल्यांदा त्याबद्दल तक्रार केली नाही.