सहा अँपिअरचा संसार



दहावीच्या विज्ञानात वीज हा धडा आहे. त्यात वॅट = व्होल्ट × अँपिअर हे सूत्र येते. परीक्षेत ते बहुतेक मुले बरोबर लिहितात. पण घरी गीझर, इस्त्री आणि मिक्सर एकदम चालू करताना ते कोणाला आठवत नाही. म्हणून या अंकात आम्ही अशा एका ठिकाणचे उदाहरण घेतले आहे, जिथे हे सूत्र विसरले तर रात्र थंडीत कुडकुडत काढावी लागते.

युरोपात कॅम्परव्हॅन घेऊन सहलीला जाण्याची पद्धत आहे. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचे छोटे घर. त्यात झोपायला जागा, गॅसची शेगडी, फ्रिज आणि हीटर असतो. रात्री मुक्कामाला गाडी कॅम्पसाइटवर, म्हणजे अशा गाड्यांसाठी आखलेल्या मैदानावर, उभी करतात. तेथे जागोजागी विजेचे खांब असतात. खांबावरच्या निळ्या, गोल, तीन पिनांच्या सॉकेटमध्ये केबल लावली की गाडीत २३० व्होल्टची वीज येते.

हा निळा प्लग १६ अँपिअरसाठी बनवलेला असतो. म्हणून नवख्या माणसाला वाटते, आपल्याला १६ अँपिअर मिळणार. तसे नाही. किती मिळणार हे खांबातला सर्किट ब्रेकर ठरवतो. कुठे १६, कुठे १०, फ्रान्समध्ये पुष्कळदा ६, आणि काही जुन्या ठिकाणी तर ३ किंवा ४ अँपिअरच मिळतात. म्हणून जागा घेतानाच कार्यालयात हा आकडा विचारून घ्यावा.

आपण ६ अँपिअर धरू. २३० × ६ = १३८० वॅट. एवढ्यात चौघांचा संसार चालवायचा आहे. फ्रिजला १५० वॅट, बॅटरीच्या चार्जरला २०० वॅट आणि विजेच्या हीटरला ९०० वॅट लागतात असे समजा. बेरीज १२५० वॅट, म्हणजे सुमारे ५.४ अँपिअर. येथवर ठीक. दिवे बहुधा गाडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, त्यांचा भार नगण्य असतो. आता सकाळी चहा हवा. घरातली २००० वॅटची किटली लावली तर ती एकटीच ८.७ अँपिअर मागते. म्हणून जाणते प्रवासी ७५० वॅटची लहान किटली बाळगतात. पण तीही वरच्या तिन्ही उपकरणांच्या जोडीला लावली, तर बेरीज पुन्हा २००० वॅट होते.

मग ब्रेकर लगेच पडतो का? येथे एक बारकावा आहे. ब्रेकरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. जास्त प्रवाहाने ती तापते, वाकते आणि प्रवाह तोडते. पण तापायला वेळ लागतो. घरगुती ब्रेकरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दीडपटीला थोडा कमी, म्हणजे १.४५ पट भार असेल तर तो एका तासाच्या आत पडला पाहिजे. आपले ८.७ अँपिअर हे ६ च्या बरोबर १.४५ पट आहेत. म्हणजे पहिल्या दिवशी पाणी उकळून होते आणि काहीच घडत नाही. "चालते की!" असे वाटून दुसऱ्या दिवशी कोणी त्यातच केस वाळवायचे यंत्र लावतो, आणि मिनिटभरात सगळे बंद. खांबाची पेटी कित्येक ठिकाणी कुलूपबंद असते. कार्यालय बंद झाल्यावर हे घडले तर सकाळपर्यंत ना हीटर, ना फ्रिज.

उपाय साधा आहे. किटली लावण्याआधी हीटर बंद करावा. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला ३३६ किलोज्यूल उष्णता लागते. ७५० वॅटवर हिशेबाने साडेसात मिनिटे होतात, २००० वॅटवर तीनच्या आत. ऊर्जा दोन्हीकडे जवळपास सारखीच, फरक वेळेचा. आठ-दहा मिनिटे हीटर बंद राहिल्याने गाडी काही गारठत नाही.

या उदाहरणातला मुख्य धडा हाच आहे. १३८० वॅट दिवसरात्र घेतले तर २४ तासांत ३३ युनिट होतात. एवढी वीज छोट्या गाडीला लागतही नाही. तुटवडा विजेचा नसून एकाच वेळी मागण्याचा आहे. नळाची धार बारीक असली तरी रात्रभरात टाकी भरते. सगळ्या घराने एकदम बादल्या लावल्या तर मात्र कोणाचीच भरत नाही. गाडीतली बॅटरी ही अशीच टाकी समजा. चार्जर तिला सावकाश भरतो आणि दिवे, पंप तिच्यावर चालतात. शिवाय स्वयंपाक गॅसवर केला, आणि फ्रिज गॅसवरही चालणारा असला, तर विजेचा भार आणखी हलका होतो. मात्र स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवून बंद गाडी उबदार करणे हा जीवघेणा प्रकार आहे. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वासही नसतो.

दुसरा धोका केबलचा. उरलेली केबल रिळावर गुंडाळून ठेवायची सवय असते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. मोकळ्या तारेची उष्णता हवेत जाते. वेटोळ्यातली आतच कोंडते, आवरण वितळते आणि आग लागू शकते. म्हणून भार कमी असला तरी केबल पूर्ण उलगडावी, असा तेथे सर्वसाधारण नियम आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडेही व्होल्ट २३०च, आणि आपल्या मीटरलाही मंजूर भार असतो. ब्रेकर वारंवार पडू लागला की त्या जागी मोठा बसवून घेण्याकडे कल असतो. हे फार धोक्याचे आहे. ब्रेकर मोठा झाला तरी भिंतीतली तार तेवढीच राहते. पूर्वी जो भार ब्रेकर तोडत होता, तो आता तार सोसते. ब्रेकर पडतो तो आपल्याला त्रास द्यायला नव्हे, तारेला वाचवायला.

विद्यार्थ्यांनी घरातील प्रत्येक उपकरणावरची पट्टी वाचून वॅटचा आकडा वहीत लिहावा आणि २३० ने भागून अँपिअर काढावेत. नंतर एका एक्स्टेन्शन बोर्डावर एकाच वेळी काय काय चालते याची बेरीज करावी आणि बोर्डावर लिहिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावी. बेरीज मोठी आली तर पालकांना दाखवावी. पालकांनी ती वही जरूर वाचावी, ही विनंती.