निसर्गातला विस्मय आणि आतली सूचना

आरोग्य म्हटले की आपल्याला रक्तदाब, साखर, गोळ्या आणि तपासण्या आठवतात. त्या आवश्यकच आहेत. परंतु पैसा न लागणाऱ्या दोन गोष्टींचाही आरोग्याशी जवळचा संबंध आहे. एक म्हणजे निसर्गासमोर थक्क होणे. दुसरी म्हणजे मनात उमटणारी सूचना ऐकणे आणि ती पारखून घेणे. या दोन्हींचा एकत्र विचार करायला हवा, कारण शांतपणे पाहायची सवय लागली की आतली सूचनाही स्पष्ट ऐकू येते.

विस्मय म्हणजे काय?

डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये विस्मयाची दोन लक्षणे सांगितली. समोरची गोष्ट आपल्यापेक्षा फार मोठी वाटते, आणि ती आपल्या नेहमीच्या समजुतीत मावत नाही. लोणारच्या काठावर उभे राहिल्यावर खालचा सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा आकाशातून आदळलेल्या अशनीने पाडला आहे हे कळते, तेव्हा मन क्षणभर थांबते. तोच विस्मय.

त्यासाठी लोणारलाच जायला हवे असे नाही. गच्चीवरून चंद्र पाहा. डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश सुमारे सव्वा सेकंदापूर्वी तिथून निघालेला असतो. अंगावर पडणारे सकाळचे ऊन सूर्यापासून निघून आठ मिनिटे झालेली असतात. भिंतीच्या फटीत, मूठभर मातीही नसताना, पिंपळाचे रोप उगवलेले दिसते. हे सगळे रोज आपल्या डोळ्यांसमोर असते.

शरीरावर काय परिणाम होतो?

रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयातील नोंदी प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर काहींना समोर विटांची भिंत दिसत होती. झाडे दिसणाऱ्या रुग्णांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले.

२०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील संशोधकांनी ज्येष्ठ नागरिकांना आठ आठवडे, दर आठवड्याला १५ मिनिटे मोकळ्या हवेत चालायला सांगितले. एका गटाला वाटेत काहीतरी नव्या नजरेने पाहून थक्क व्हायची सूचना होती. दुसरा गट नुसता चालला. पहिल्या गटात कृतज्ञता आणि करुणा यांसारख्या भावना वाढल्या, रोजचा मानसिक त्रास कमी झाला. त्यांनी काढलेल्या सेल्फींमध्ये आठवड्यागणिक स्वतःची आकृती लहान होत गेली आणि हसू मोठे होत गेले. ‘माझे कसे होणार’ हा डोक्यातला घोष थोडा कमी झाला, असे यातून म्हणता येईल. विस्मयाने आजार बरा होतो असा मात्र याचा अर्थ नाही.

विस्मयाच्या दोन वाटा

इथे सावध राहायला हवे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, विस्मय वाटलेल्या लोकांचा अलौकिक शक्तींकडे कल वाढलेला आढळला. कारण समजण्यासारखे आहे. जे कळत नाही ते मनाला सहन होत नाही, म्हणून ते पटकन कर्ता शोधते. धूर, ढोल, अंधार आणि गर्दी यांच्या साह्याने बुवा-भगत हीच घाई आपल्या कामाला लावतात.

याउलट २०१० च्या एका अभ्यासात, विस्मय वाटलेले लोक कमकुवत युक्तिवादाला कमी भुलले असे दिसले. म्हणजे तोच विस्मय माणसाला अधिक बारकाईने पाहायलाही शिकवतो. थक्क झाल्यावर ‘हे कोणी केले?’ याऐवजी ‘हे कसे घडते?’ असे विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. परंपरेने सांगितले किंवा गुरू म्हणाले एवढ्यावर काही मानू नका, स्वतः तपासा, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आपल्याला ठाऊक आहे. आपल्या मनाच्या आवाजालाही हीच कसोटी लावायची आहे.

आतली सूचना येते कुठून?

‘मनात पाल चुकचुकली’ असे आपण म्हणतो. ही पाल नेमके काय ओळखते? संशोधक गॅरी क्लाइन यांना अमेरिकेतील एका अग्निशमन अधिकाऱ्याने एक प्रसंग सांगितला. घरात मागच्या बाजूला स्वयंपाकघरात आग लागली होती. पाणी मारूनही ती हटेना. काहीतरी बिघडले आहे असे वाटून अधिकाऱ्याने सर्वांना बाहेर काढले, आणि थोड्याच वेळात जमीन खचली. खरी आग खाली तळघरात होती. आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे असे त्या अधिकाऱ्याला वाटत होते. क्लाइन यांनी बारकाईने प्रश्न विचारल्यावर उलगडा झाला. खोली अपेक्षेपेक्षा फार तापली होती आणि आगीचा आवाज मात्र फार कमी होता. वर्षानुवर्षांच्या अनुभवाला ही विसंगती शब्दांच्या आधी कळली होती.

पुढे २००९ मध्ये क्लाइन आणि डॅनियल कानेमन यांनी मिळून अशा सूचनेवर विश्वास ठेवण्याच्या दोन अटी मांडल्या. त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे वारंवार कळलेले हवे. बैलाच्या चालीवरून तो आजारी आहे हे ओळखणारा शेतकरी या अटी पूर्ण करतो. लॉटरीचा आकडा सुचणारा करत नाही. आडनाव ऐकून ‘मन घेत नाही’ म्हणत खोली नाकारणारा घरमालकही करत नाही. ती अंतःप्रेरणा नव्हे, शिकवलेला पूर्वग्रह आहे. त्याचा अंदाज कधी तपासलाच गेलेला नसतो.

आजारपणात याचा उपयोग

बेल्जियममध्ये ३,८९० आजारी मुलांचा अभ्यास झाला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीत ‘गंभीर नाही’ ठरलेल्यांपैकी सहा मुलांना पुढे गंभीर संसर्ग निघाला. ‘तरीही काहीतरी चुकते आहे’ या डॉक्टरांच्या जाणिवेनुसार पावले उचलली असती, तर त्यांतील दोघे वेळेत सापडले असते. त्यासाठी ४४ वेळा मात्र इशारा खोटा ठरला असता. आणि डॉक्टरांच्या या जाणिवेशी घट्ट जोडलेली एक गोष्ट होती पालकांची काळजी. ‘हा आजार नेहमीसारखा वाटत नाही’ असे पालक सांगत होते.

म्हणून आईने दवाखान्यात गप्प बसू नये. ‘मूल रोजच्यासारखे नाही’ हे ठामपणे सांगावे आणि काय बदलले तेही सांगावे. मूल दूध-पाणी घेत नसेल, सारखे सगळे ओकत असेल, सुस्त पडले असेल किंवा झटका आला असेल, तर मनाला विचारत बसू नये, लगेच रुग्णालयात न्यावे.

छातीत दाब, घाम, धाप आणि ‘आता काही खरे नाही’ अशी भीती एकत्र आली तर १०८ ला फोन करावा. स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी मळमळ, विलक्षण थकवा, जबडा किंवा पाठ दुखणे अशा रूपात येतो. ‘आधी भाकऱ्या टाकते, मग बघू’ असे करू नये.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. वाढलेला रक्तदाब बहुधा आतून जाणवतच नाही. ‘मला बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करणे म्हणजे जिथे मनाला काही कळतच नाही तिथे त्याचे ऐकणे होय.

दोन महिन्यांचा सराव

१. आठवड्यातून एकदा १५ मिनिटे उजेडात, शक्यतो सोबतीने चाला. मोबाइल खिशात ठेवा.

२. एक दूरची आणि एक अगदी लहान गोष्ट थांबून पाहा. ढग आणि मुंगी चालतील.

३. त्यांविषयी ‘हे कसे घडते?’ असा एक प्रश्न वहीत लिहा. उत्तर पुस्तकात किंवा जाणकाराकडे शोधा.

४. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मनाच्या सूचना लिहा. तारीख, काय वाटले, कशावरून वाटले आणि पुढे काय झाले, हे सगळे लिहा. खोट्या ठरलेल्याही लिहा.

५. काळजी दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडवत असेल तर ती सूचना समजू नका, डॉक्टरांना भेटा.

दोन महिन्यांनी मागची पाने वाचा. मुलांच्या तब्येतीविषयी तुमचे मन बहुतेक वेळा बरोबर होते, पण माणसांविषयी निम्म्या वेळा चुकले, असेही दिसेल. मग कोणत्या बाबतीत मनाचे ऐकायचे आणि कोणत्या बाबतीत दुसऱ्याला विचारायचे, हे तुमच्याच अक्षरात तुमच्यासमोर असेल.